‘ब्रेक फेल’ हे निदान नव्हे

घाटात किंवा उतारावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन शब्द हमखास येतात : ‘ब्रेक फेल’. २६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या हद्दीत घाट उतरणाऱ्या कंटेनरने एकामागून एक गाड्यांना धडक दिली, तेव्हा हेच शब्द आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ मालवाहू वाहनाने गाड्यांना उडवले, आग लागली, माणसे होरपळून गेली. पहिला अंदाज पुन्हा तोच. त्याआधी तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२ रोजी, याच उतारावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली होती. तेव्हाही सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. पुढे प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले.

या शेवटच्या तपशिलाकडे थांबून पाहायला हवे. ब्रेक ‘फेल झाला’ आणि ब्रेक ‘निकामी होईल अशी परिस्थिती निर्माण केली गेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत नशिबाला दोष देता येतो. दुसरीत कारण शोधावे लागते आणि कारण सापडले तर पुढचा अपघात टाळता येतो.

वैद्यकशास्त्राने हा धडा फार पूर्वी घेतला आहे. ‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ असे आपण सहज म्हणतो, पण मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र भरताना डॉक्टरांनी नुसते तेवढे लिहू नये, अशी स्पष्ट सूचना असते. कारण हृदय प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. मृत्यू कसा आला एवढेच त्यातून कळते, का आला ते कळत नाही. म्हणून त्या अर्जात एकाखाली एक ओळी असतात : तात्कालिक कारण, ते कशामुळे, आणि ते पुन्हा कशामुळे. सर्वांत खालच्या ओळीत मूळ आजार येतो. सार्वजनिक आरोग्याची धोरणे याच खालच्या ओळीवर ठरतात. ‘ब्रेक फेल’ ही अपघाताच्या प्रमाणपत्रातली सर्वांत वरची ओळ आहे. आपण तिथेच सही करून मोकळे होतो.

वेगाची उष्णता होते

ब्रेकचे काम गाडी थांबवण्याचे, हे सगळ्यांना माहीत असते. पण गाडीच्या वेगातली ऊर्जा नाहीशी होत नसते. घर्षणाने तिची उष्णता होते आणि ती हवेत सोडावी लागते. दीड टन वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली तर जी उष्णता तयार होते, तिच्यात साधारण सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटेल. हे काम ब्रेकला काही सेकंदांत करायचे असते.

आता घाटाचा हिशेब पाहू. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतरताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. ४० टन वजनाचा ट्रक एवढा खाली आला तर साडेसहाशे लिटरहून अधिक पाणी उकळेल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि, बसवलेला असेल तर, एक्झॉस्ट ब्रेक यातला मोठा वाटा उचलतात. गाडी न्यूट्रलमध्ये असेल किंवा इंजिनच बंद असेल, तर सगळा भार चाकांतल्या लायनरवर येतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल टाकण्याची सवय किती महाग पडते, ते या एका आकड्यात आहे.

लायनर प्रमाणाबाहेर तापले की त्याचे घर्षण घटते. त्याच वेळी लोखंडी ड्रम उष्णतेने फुगतो, त्यामुळे ब्रेक शूला ड्रमपर्यंत पोहोचायला जास्त अंतर कापावे लागते. अवजड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ही हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरत असतो. इंजिन बंद झाले की भरणे थांबते. प्रत्येक वेळी पेडल दाबले की टाकीतली थोडी हवा खर्च होते. या वाहनांत दाब फार खाली गेला तर स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक आपोआप लागण्याची सोय असते. पण ड्रम तापून फुगलेले आणि लायनर घासलेले असतील, तर स्प्रिंग तरी काय पकडणार? चालक पेडलवर उभा राहतो, तरी ट्रक थांबत नाही. त्या क्षणी त्याचे ‘ब्रेक लागत नाही’ हे म्हणणे खरेच असते. खोटे एवढेच की ते त्या क्षणी घडले. ते घाटाच्या माथ्यावर, किंवा त्याआधी गॅरेजमध्ये, किंवा माल भरताना घडलेले असते.

प्रत्येक सुधारणेमागे एक फजिती

ब्रेकचा इतिहास पाहिला तर प्रत्येक टप्पा आधीच्या अपयशाचे उत्तर आहे. घोडागाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबायचा, हा जुना उपाय. पहिल्या मोटारींनीही हीच पद्धत उचलली. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी पती कार्ल यांनी बनवलेली मोटार जर्मनीत मानहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत, शंभर किलोमीटरहून अधिक अंतर नेली. उतारांवर लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आजच्या लायनरचा हा पूर्वज.

चाकांना रबरी टायर आले आणि धावेवर ठोकळा दाबणे निरुपयोगी ठरले. १९०२ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांचा ड्रम ब्रेक आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांचे डिस्क ब्रेकचे पेटंट, असे दोन्ही मार्ग पुढे आले. उष्णता सोसणारे लायनर हवे म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आले. त्याची किंमत फुप्फुसांनी मोजली. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निर्विवादपणे नोंदवले आहे. ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवण्याची गॅरेजमधली सवय आजही दिसते. ती मोडायला हवी. धूळ ओल्या फडक्याने पुसावी, तोंडावर चांगला मास्क असावा. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नसले तरी ती धूळ छातीत न गेलेलीच बरी.

सुरुवातीला पेडलपासून चाकापर्यंत तारा आणि दांडे असत. ते असमान ताणले जात आणि गाडी एका बाजूला ओढली जाई. माल्कम लॉकहीड यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक आणला. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा शाळेतला नियम. पण द्रव एका ठिकाणी गळला की चारही चाकांचा ब्रेक जाई. म्हणून १९६० च्या दशकात दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर रुळला. एक मार्ग गेला तरी दुसरा उरतो. पायाचा जोर अपुरा पडतो म्हणून बूस्टर आला. जोरात दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरते म्हणून एबीएस आले. ते १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत बसले. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे.

म्हणजे आजच्या चांगल्या स्थितीतल्या मोटारीत एकच दोष निर्माण होऊन सगळा ब्रेक क्षणात जाणे फारच विरळ असते. तरीही तसे घडते, तेव्हा बहुतेक वेळा एकावर एक दोष साचलेले असतात. आणि साचत असताना ते गप्प बसत नाहीत.

पेडलची तक्रार ऐकावी

डॉक्टर नाडीवर बोट ठेवतो, तसा चालकाचा पाय रोज पेडलवर असतो. त्याला जे जाणवते, त्याचे अर्थ ठरलेले आहेत.

पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर बहुधा नळ्यांत हवा शिरलेली असते. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी हवा दाबण्यात खर्च होतो. मेकॅनिककडून हवा काढून घेणे हा उपाय, पण हवा आत आली कुठून, हे शोधल्याशिवाय तो अर्धाच. मागच्या चाकांना ड्रम असतील आणि त्यांची अ‍ॅडजस्टमेंट सैल पडली असेल, तरीही पेडल पहिल्यांदा खाली जाते.

पेडल एकसारखे दाबून धरले असता हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजलेले असू शकते किंवा कुठेतरी गळती असते. आतल्या गळतीत जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. म्हणूनच ‘ऑइल कुठे गळत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये.

पेडल दगडासारखे कडक लागत असेल, तर संशय बूस्टरवर किंवा त्याच्या नळीवर घ्यावा. घरच्या घरी तपासता येते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. जराही हलले नाही तर गाडी गॅरेजला न्यावी. चालत्या गाडीचे इंजिन बंद केल्यावर बूस्टरमध्ये एक-दोनदा दाबण्यापुरतीच मदत शिल्लक राहते, हेही यावरून लक्षात येईल.

पेडल पायाखाली थरथरत असेल तर डिस्कची जाडी असमान झालेली असते. अचानक जोरात ब्रेक मारल्यावर येणारी थरथर मात्र एबीएसची असते. तेव्हा घाबरून पाय काढू नये, दाबूनच ठेवावा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर अडकलेला किंवा पॅडला तेल लागलेले असते. बारीक किंचाळल्यासारखा आवाज पॅड संपत आल्याची सूचना देतो. खरखर ऐकू आली तर लोखंडावर लोखंड घासते आहे, आता उशीर झालेला आहे.

घाटात दोन लक्षणे वेगळी ओळखावीत. पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा लायनर तापले आहेत. पेडल एकदम मऊ पडून तळाला जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झालेली असू शकते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. नव्या डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा, तो बदलायचा असतो. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या आणि दर शनिवार-रविवारी घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीला तर ही टाळाटाळ परवडणारी नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली की त्यात भर घालून मोकळे होणे. पॅड झिजले तरी पातळी खाली जाते, गळती असली तरीही. कारण न पाहता भर घालणे म्हणजे छातीत दुखणाऱ्या माणसाला वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवणे. इंजिन ऑइल चुकून ओतले गेले तर आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते. आणि सर्वांत साधे कारण तपासायचे राहून जाते : चालकाच्या पायाशी लोळणारी पाण्याची बाटली किंवा सरकलेली चटई पेडलखाली अडकू शकते.

नव्या तंत्रामुळे लक्षणे दबतात

यंत्रणा जितकी सुधारते, तितकी ती आपले दुखणे लपवू लागते. मधुमेहाच्या रुग्णाला रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाचे औषध दिले, तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर दबली जाऊ शकते. धोका असतो, इशारा मिळत नाही. तसेच काहीसे आधुनिक मोटारीचे आहे. बऱ्याच विजेवर आणि हायब्रीड तंत्रावर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पॅड क्वचित वापरले जातात, त्यामुळे झिजत नाहीत. पण डिस्कवर गंज धरू शकतो. काही गाड्यांत पेडल आणि चाक यांत थेट जोडणीच नसते. पायाला जाणवणारा प्रतिकार कृत्रिम असतो. अशा गाडीत पायाच्या जाणिवेपेक्षा डॅशबोर्डवरचा लाल दिवा आणि वेळच्या वेळी केलेली तपासणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पेडल दाबणारा पायही या यंत्रणेचा भाग आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे गेलेली असते. झोप अपुरी असेल, दारू घेतलेली असेल, तर हा वेळ वाढतो. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. आपला पाय नेमका कोणत्या पेडलवर आणि किती जोराने आहे, हे अशा माणसाला नीट कळत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री कुर्ल्यात बेस्टच्या विजेवरच्या बसने अनेकांना चिरडले, तेव्हाही आधी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. परिवहन विभागाच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळले आणि प्रश्न नव्या, क्लच नसलेल्या बसच्या प्रशिक्षणाकडे वळला. तपासणी झाली म्हणूनच तो वळला.

व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी, तसेच चाळिशीनंतर, डॉक्टरांचे ‘फॉर्म १-अ’ प्रमाणपत्र लागते. डोळे पाहून सही करण्यापुरते ते उरले, तर दोष फक्त गॅरेजचा आणि मालकाचा राहत नाही. साखर, झोपेत घोरणे व श्वास अडखळणे, तळव्यांची संवेदना, चालू असलेली औषधे हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. व्यावसायिक वाहनाच्या पासिंगचेही असेच. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते करावे लागते. पासिंगच्या दिवसापुरते चांगले लायनर बसवले जात असतील, तर तो कागद घाटात उपयोगी पडत नाही.

सर्वांत खालची ओळ

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. त्यांतल्या प्रत्येकाचे शवविच्छेदन झाले असेल किंवा होणे अपेक्षित होते. वाहनाचे ‘शवविच्छेदन’ही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवे. ट्रकचा ब्रेक लागला नाही, ही पहिली ओळ. का, तर ड्रम तापले होते. ते का, तर गाडी न्यूट्रलमध्ये उतरत होती आणि वजन मर्यादेपेक्षा जास्त होते. ते का, तर डिझेलचा हिशेब चालकाच्या माथी मारला होता आणि एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल भरला होता. सोबतच्या ओळीत रस्त्याचा उतार, चालकाचे जागरण, शेवटची दुरुस्ती. प्रत्येक अपघाताची साखळी वेगळी असेल. पण ती लिहिली गेली तरच एकाच उतारावर वारंवार तेच का घडते, याचे उत्तर मिळेल. चालकाला अटक करून वरची ओळ पूर्ण होते, खालच्या ओळी कोऱ्याच राहतात.

तोपर्यंत घाट उतरणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन बंद करू नका, न्यूट्रल टाकू नका. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरण्याऐवजी वेग वाढला की पक्का दाबून कमी करा आणि सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागी गाडी उभी करून अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. पेडल तळाला गेलेच तर ते भराभर अनेकदा दाबा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा, आणि दरीऐवजी डोंगराची बाजू धरा.

पण ही सगळी अतिदक्षता विभागातली धावपळ झाली. पेडल गेल्या महिन्यापासून जरा खाली जाते आहे, हे ज्याच्या पायाला कळले आणि ज्याने त्याच आठवड्यात गाडी दाखवली, त्याच्यावर ही वेळ येण्याची शक्यता फार कमी. त्याची बातमी छापून येत नाही, एवढेच.